रत्नागिरी : समुद्र पाहा, माणसेही पाहा

आपल्या कृष्णाकाठच्या माणसाला समुद्राचे मोठे अप्रूप. उसाचे फड, द्राक्षाचे मांडव, उन्हाळ्यात उघडे पडलेले नदीचे पात्र हे आपले रोजचे जग. पण ज्या पाण्याला पलीकडचा काठच दिसत नाही ते पाणी कसे असते, हे मुलांना तोंडी सांगून पटत नाही. म्हणून दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत कुंडल, पलूस, तासगाव, कराडकडची चार कुटुंबे एकत्र येतात, वर्गणी काढतात, गाडी ठरवतात आणि घाट उतरून कोकणात जातात. पाण्यात डुंबणे झाले, आंब्याची पेटी घेतली, सुक्या मासळीची पिशवी बांधली की सहल संपली. समुद्र पाहिला, पण गाव पाहायचे राहून गेले.

रत्नागिरी हे असे धावत पाहण्याचे गाव नाही. तसे ते लहानच शहर आहे. पण या लहानशा शहरात एका बौद्ध राजाची कैद आहे, एका मंदिराच्या निमित्ताने झालेला मोठा वाद आहे आणि पोटासाठी मुंबईला गेलेल्या लाखो माणसांची कहाणी आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या घराशी येऊन भिडतात. म्हणून जाण्यापूर्वी या शहराची थोडी ओळख करून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

घाट उतरताना

कुंडलकडून जाणाऱ्याला सोपी वाट म्हणजे किर्लोस्करवाडी स्टेशनवर रेल्वे धरून मिरजमार्गे कोल्हापूर गाठायचे आणि तेथून एस.टी.ने रत्नागिरी. कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. मलकापूर सोडले की हवा बदलते. आंबा घाटाच्या माथ्यावर उभे राहिले की एका बाजूला आपला देश आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली कोकण दिसते. घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा करीत गाडी रत्नागिरीला पोहोचते.

ही घाटाची वाट आजची नाही. फार पूर्वीपासून कोकणच्या बंदरांत उतरलेला माल अशाच घाटांनी वर कराड, कोल्हापूरकडे येत असे. व्यापाऱ्यांबरोबर भिक्खूही याच वाटांनी चालत. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरातील बौद्ध लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. मध्य भारतातील भारहुतच्या स्तूपाला ज्यांनी दान दिले त्यांत कराडचे लोक होते, हे तेथील शिलालेखांतील ‘करहाकट’ या नावावरून कळते. घाटाखाली दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे, त्याची सुरुवातही बौद्ध लेण्यांपासूनच झाली. तेव्हा घाटावरचा आणि घाटाखालचा संबंध आंब्याच्या पेटीपुरता नाही, तो दोन हजार वर्षांचा आहे.

घाट उतरताना मातीचा रंग पाहावा. आपली काळी माती संपते आणि तांबडा जांभा दगड सुरू होतो. हा दगड खाणीतून चिऱ्यांच्या रूपाने कापून काढतात आणि त्याचीच घरे, गडगे, विहिरी बांधतात. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या भागात त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा पडला तरी शेतकरी समाधानी असतो. पण कोकणचा हा पाऊस उतारावरून वाहून तडक समुद्राला मिळतो. सह्याद्री ते समुद्र हे अंतर सरासरी ६४ किलोमीटरच आहे. त्यामुळे नद्या आखूड, जमीन उताराची आणि सपाट शेत थोडे. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात कित्येक वाड्यांवर बायकांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. भात, नाचणी, आंबा, काजू, नारळ आणि मासळी यांवर येथला संसार चालतो. हापूस आंब्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण आंब्याची बाग सर्वांच्या वाट्याला आलेली नाही. बाग एकाची आणि राखण, काढणी, पेट्या भरणे दुसऱ्याचे, असेच चित्र जास्त.

शहराची ठेवण

शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते, तिला भाट्याची खाडी म्हणतात. वायव्येला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर रत्नदुर्ग किल्ला आहे. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ आणि समोरच्या टेकडीवर दीपगृह. बहामनी, विजापूरची आदिलशाही, छत्रपती शिवाजी महाराज, आंग्रे, पेशवे आणि १८१८ साली इंग्रज, अशा सर्वांच्या हातून हा किल्ला गेला. किल्ल्याच्या पायथ्याशी मिरकरवाडा हे मासेमारीचे मोठे बंदर आहे. मांडवीचा किनारा काळसर वाळूचा, तर मिऱ्याकडची वाळू पांढरी. म्हणून लोक एकाला काळा समुद्र आणि दुसऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात.

इंग्रजांनी १८२२ साली दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे बाणकोटहून रत्नागिरीला आणले. तेव्हापासून कचेऱ्या, कोर्ट, तुरुंग, शाळा यांमुळे हे बंदराचे गाव जिल्ह्याचे गाव झाले. १८७६ साली नगरपालिका स्थापन झाली. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली याच गावी झाला, ते घर आजही दाखवतात. पूर्वी हा जिल्हा फार मोठा होता. १ मे १९८१ रोजी त्याचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग जिल्हा केला गेला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबईची वाट सोपी झाली. त्याआधी पावसाळा सोडून आगबोट आणि मग रात्रभर हाडे खिळखिळी करणारी एस.टी., एवढाच आधार होता.

वस्तीही नाना प्रकारची आहे. कुणबी, भंडारी, मराठा, ब्राह्मण, खारवी, मासेमारी करणारे दालदी मुसलमान, व्यापारी मुसलमान आणि आपले बौद्ध बांधव. पहाटे मिरकरवाड्याला गेलात तर मचवे आणि ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, टोपल्या उतरतात, बांगडा-सुरमईचा लिलाव पुकारला जातो. त्या गर्दीत निम्म्याहून अधिक आवाज बायकांचे असतात. मासळी निवडायची, वाळवायची, डोक्यावर घेऊन विकायची, ही सगळी कामे त्यांचीच. बाजार तोलून धरणाऱ्या या बाया शहराच्या इतिहासात मात्र नावानिशी सापडत नाहीत.

वजाबाकीचा जिल्हा

मी कारकुनी करणारा माणूस. आकडा दिसला की बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय राहवत नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ च्या शिरगणतीत ती १६,१५,०६९ भरली. म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी झाली. रत्नागिरी शहराची त्या वेळची एकूण लोकसंख्या सुमारे ७६ हजार. अख्खे रत्नागिरी शहर उठून गेले असते तरी एवढी माणसे कमी झाली नसती! त्या दशकात लोकसंख्या घटलेले महाराष्ट्रात तीनच जिल्हे होते : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग.

दुसरा आकडा पाहा. २०११ साली या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. आपल्या सांगली जिल्ह्यात हेच प्रमाण ९६६ होते. आपल्याकडचा आकडा कमी, ही वेगळ्या लाजेची गोष्ट आहे आणि तिच्यावर वेगळे लिहिले पाहिजे. पण रत्नागिरीचा आकडा मोठा आहे तो पुरुष घरी नाहीत म्हणून. नवरा मुंबईला, मुलगा मुंबईला आणि घरी सासू, सून व लहान पोरे. या जिल्ह्याचा व्यवहार मनीऑर्डरवर चालतो असे पूर्वी म्हणत. पोस्टमनची वाट पाहत बसलेली म्हातारी हे कोकणातल्या घरोघरचे चित्र होते. शेत तिने लावायचे, गुरे तिने पाहायची, आजारपण तिने काढायचे आणि नाव मात्र मुंबईच्या चाकरमान्याचे.

आपल्या भागातलीही माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेलीच. परळ-लालबागच्या आणि बी.डी.डी. चाळींत कोकणी आणि घाटी एकाच नळावर भांडले आणि एकाच मोर्चात चालले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा दोघांच्याही चुली विझल्या. कोकणी माणूस आपल्याला ‘घाटी’ म्हणून चिडवतो आणि आपण त्याला मासेखाऊ म्हणतो. पण दोघांची मुंबईची चिठ्ठी एकाच दुःखाने लिहिलेली होती.

माणसे का गेली?

जमीन थोडी, उद्योग नाही, ही कारणे खरीच. पण त्यामागे एक मोठे कारण होते, ते खोतीचे. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामधला सारा वसूल करणारा वतनदार. कुळाने भात पिकवायचे आणि अर्धा वाटा खोताला घालायचा, म्हणून त्याला ‘अर्धेली’ म्हणत. शिवाय खोताच्या घरी वेठ करायची ती वेगळी. या उतरंडीत अस्पृश्य मानलेल्या माणसाची जागा सर्वांत खाली होती. ज्याला गावात जमीन नाही आणि मानही नाही, त्याने बोट धरली. कुणी पलटणीत गेला, कुणी गोदीत, कुणी गिरणीत.

दापोली हे लष्करी कॅम्पाचे गाव. पेन्शनर शिपायांची वस्ती तेथे झाली आणि लिहिता-वाचता येणारी पहिली पिढी त्यांच्या घरांतून निघाली. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस येथूनच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. परमपूज्य बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले. माता रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळच्या बंदरात मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीनंतर दापोलीत राहिले आणि पुढे आपल्या साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. म्हणजे कोकणातून घाटावर आलेल्या एका कुटुंबाची ही वाट, आणि त्या वाटेने पुढे काय घडले ते आपल्याला ठाऊकच आहे.

बाबासाहेब खोतीला विसरले नाहीत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. जात बाजूला ठेवून कसणारा माणूस एकत्र आला. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. बाबासाहेब फक्त एका जातीचे पुढारी होते असे म्हणणाऱ्याला कोकणातल्या कुणब्याने याचे उत्तर द्यायला हवे.

परका राजा, आपला धम्म

आता शहरात परत येऊ. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून एका उंचवट्यावर तांबडा, भव्य वाडा उभा आहे. हाच थिबा राजवाडा. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकले, राजा-राणीला बोटीत घालून आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. रंगूनला ठेवले तर प्रजा उठेल आणि मोठ्या शहरात ठेवले तर बातमी पसरेल, म्हणून समुद्राने आणि डोंगराने कोंडलेले हे दूरचे गाव निवडले. २७ वर्षांपूर्वी, १८५८ साली, याच इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवले होते. इकडचा राजा तिकडे आणि तिकडचा राजा इकडे! माणसाला त्याच्या माणसांपासून तोडले की त्याची ताकद संपते, हे राज्यकर्त्यांना नेहमीच कळलेले असते.

थिबाचे वडील मिंडान हे धम्मप्रेमी राजे. त्यांनी संपूर्ण त्रिपिटक संगमरवराच्या ७२९ शिळांवर कोरवून घेतले आणि १८७१ साली मंडालेला पाचवी धम्मसंगीती भरवली. थिबाही तरुणपणी श्रामणेर होऊन पाली शिकलेला होता. पण येथे भावनेच्या भरात वाहून जाऊ नये. थिबा गादीवर आल्यावर, १८७९ साली, त्याच्या कितीतरी भावाबहिणींची आणि नातलगांची कत्तल झाली. बौद्ध घरात जन्मलेला राजा असे करू शकतो, कारण सिंहासन आणि करुणा यांचे सहसा जमत नाही. म्हणून राजवाडा पाहताना राजाला हात जोडण्याचे कारण नाही. त्याच्या वाट्याला आलेल्या परवशतेबद्दल माणूस म्हणून कणव वाटावी, एवढे पुरे.

हा वाडा १९०६ ते १९१० या काळात बांधला गेला. त्याआधी २४ वर्षे राजा भाड्याच्या बंगल्यांत राहिला. पेन्शन पुरत नसे, तेव्हा बरोबर आणलेली रत्ने एकेक करून विकली गेली. नव्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. ३० वर्षांत मायदेश पुन्हा दिसला नाही. १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशात परतले. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली. वाड्यावरच्या एका मराठी नोकरापासून तिला मुलगी झाली होती. ही थिबाची नात रत्नागिरीतच वाढली, येथेच लग्न करून अस्खलित मराठी बोलत तिने गरिबीत संसार केला आणि २००० साली ती वारली. राजाच्या नातीची आणि आपल्या वस्तीतल्या आजीची चूल शेवटी सारखीच पेटली.

राजवाड्यात आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. पण बहुतेक मंडळी वाडा पाहून परत फिरतात आणि राजाची समाधी पाहायची राहते. ती शहरातल्या शिवाजीनगर भागात आहे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन हे मुद्दाम रत्नागिरीला आले आणि त्यांनी या समाधीला वंदन केले. इतक्या दूरचा माणूस येतो आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या आपल्याला ती जागा ठाऊक नसते!

ब्रह्मदेशाचे आणि आपले नाते मात्र राजामुळे नाही. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांना ज्यांनी दीक्षा दिली ते भदंत चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशाचेच. तिकडून एक राजा बेड्यांत आला, तो आला तसा गेला. आणि तिकडूनच एक चीवरधारी भिक्खू आला, त्याच्या मुखातून निघालेले त्रिशरण आज आपल्या घराघरांत आहे. मुलांना राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसवून हा फरक जरूर सांगावा.

एक मंदिर आणि एक पत्र

शहरात पतितपावन मंदिर आहे. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांनी सहभोजने घडवली आणि सर्व जातींना खुले असे हे मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी उघडले. खर्च केला भागोजीशेठ कीर यांनी. भंडारी समाजातल्या गरीब घरातून निघून मुंबईत मोठे कंत्राटदार झालेला हा माणूस. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांना त्यांचे नाव नवे नसेल. शेजारची शिवाजी पार्कची स्मशानभूमी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

रत्नागिरीतील या कामाबद्दल बाबासाहेबांनी १९३३ साली सावरकरांना पत्राने उत्तर दिले. कामाबद्दल चांगले शब्द लिहिले, पण मुद्दा सोडला नाही. नुसती अस्पृश्यता काढून भागत नाही, चातुर्वर्ण्यच गेले पाहिजे, असा त्यांचा आशय होता. देवळाचे दार उघडले म्हणून पायरी जात नाही, पायरी वेगळी तोडावी लागते. त्यानंतर दोनच वर्षांनी येवल्याची घोषणा झाली. हे मंदिर पाहायला हरकत नाही, पण ते पत्र मनात ठेवून पाहावे.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

पावसाळ्यात जाऊ नये. घाटात दरडी कोसळतात आणि समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मुलांना पाण्यात एकटे सोडू नये, भरती-ओहोटीची वेळ स्थानिक माणसाला विचारून घ्यावी. संग्रहालयाचा सुटीचा वार आधी विचारावा. दोन दिवसांची सहल असेल तर पहिल्या सकाळी थिबा राजवाडा आणि समाधी, दुपारी पतितपावन मंदिर आणि टिळकांचे घर, संध्याकाळी मांडवी. दुसऱ्या पहाटे मिरकरवाडा, मग किल्ला, आणि शेवटी भाट्याचा किनारा. सवड असेल तर तिसरा दिवस काढून दापोलीकडे वणंदला आणि मंडणगडला आंबडव्याला जावे. रत्नागिरीहून अंतर बरेच आहे, पण त्या मातीत पाय ठेवल्याशिवाय कोकण पाहिले असे म्हणता येणार नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. निघताना घरातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला एक वही द्यावी. त्यात समुद्राचे वर्णन तर ते लिहीलच. पण मासळी विकणाऱ्या बाईला तिचे गाव विचारून लिहावे, घरी कोण आहे आणि मुंबईला कोण आहे ते लिहावे, समाधीवरचे नाव लिहावे. आपल्या आज्या-पणज्यांची नावे कुणी वहीत लिहून ठेवली नाहीत, म्हणून आज आपल्याला आपलाच इतिहास शोधत फिरावे लागते. आपल्या मुलांवर ती पाळी येऊ नये.